मोझांबीकचें बेट आणि त्याचे कवि

महाकाव्य शिकवितांना नकाशा भिंतीवर टांगावयाचा आणि काव्य पुस्तकांतून वाचावयाचें, ही आमच्या वर्गांतली तीस वर्षांची रीत आहे. कवीची भूमि प्रत्यक्ष पाहिल्यावांचून काव्याचा खरा रस हातीं लागत नाहीं, असें मानणाऱ्या भाविक रसिकांपैकीं मी कधींच नव्हतों. हॅम्लेटचें दुःख समजण्यासाठीं एल्सिनोरच्या तटावर थंडींत कुडकुडत उभें राहावें लागत नाहीं. मेघदूत समजण्यासाठीं रामटेकची टेकडी चढावी लागत नाहीं. हें मत मीं अजूनहि टाकलेलें नाहीं. परंतु एका काव्याच्या बाबतींत तें मला थोडें मुरडून घ्यावें लागलें. काव्यांत जें आहे तें घरीं बसून वाचतां येतें. काव्यांत जें नाहीं तें दिसावें म्हणून मात्र कधीं कधीं त्या जागीं जावें लागतें.

तें काव्य म्हणजे पोर्तुगीज कवि कामोंइश याचें ‘लुझियाद’, आणि ती जागा म्हणजे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबीकचें बेट. हल्लीं मोझांबीक म्हटलें म्हणजे एक विस्तीर्ण देश डोळ्यांपुढें येतो. पण त्या देशास हें नांव मिळालें तें या चिमुकल्या बेटावरून. बेटाची लांबी दोन मैलांहून थोडी कमी, आणि रुंदी, जेथें तें सर्वांत रुंद आहे तेथें, मैलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. एवढ्याशा भूमीवर इ. स. १८९८ पर्यंत पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेची राजधानी नांदत होती. पुढें ती दक्षिणेस, ज्यास आतां मापुतो म्हणतात त्या शहरीं गेली. १७५२ पर्यंत तर या बेटाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयाच्या हुकमतींत चाले. तेव्हां कोंकणपट्टीवरील वाचकास हें बेट अगदींच परकें वाटावयाचें कारण नाहीं. दोनशें वर्षांहून अधिक काळ तें आणि गोवा एकाच दप्तरांत होतीं.

‘लुझियाद’ १५७२ सालीं लिस्बन येथें छापून निघालें. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीभोंवतीं पोर्तुगालचा सगळा इतिहास गुंफणारें हें दहा सर्गांचें काव्य इंग्रजींत प्रथम फॅन्शॉनें १६५५ सालीं आणलें. मला तें भेटलें मिकलच्या १७७६ च्या भाषांतरांत, आणि ग्रंथालयाच्या त्या धुळकट प्रतीवर मीं बरीच वर्षें काढलीं. मिकल या काव्याकडे व्यापाराच्या उदयाचें महाकाव्य म्हणून पाहतो, आणि त्या उत्साहाच्या भरांत नवव्या सर्गांत सुमारें तीनशें ओळींची एक लढाई पदरची घालून देतो. भाषांतरकारानें इतकें उदार असूं नये. बर्टननें १८८० मध्यें केलेलें भाषांतर मुळाला अधिक धरून आहे, पण त्याची भाषा इतकी ओबडधोबड आणि मुद्दाम जुनी केलेली आहे कीं वाचक कवीवर रागवावें कीं भाषांतरकारावर या संभ्रमांत पडतो. असो. आपल्याकडे या काव्यासंबंधीं दोनच वृत्ति आढळतात. एक म्हणजे युरोपच्या महाकाव्यांत त्याची गणना होते म्हणून मान डोलावणें. दुसरी, तें गामाचें स्तोत्र आहे म्हणून त्याचें तोंड न पाहणें. १९९८ सालीं गामाच्या आगमनास पांचशें वर्षें झालीं तेव्हां गोव्यांत जो वाद माजला, त्यांत या दोन्ही वृत्ति चांगल्याच प्रकट झाल्या. काव्य वाचून भांडणारे मात्र त्यांत थोडे होते.

नांपुला शहराहून पूर्वेस सुमारें एकशें दहा मैलांचा रस्ता आहे. वाटेंत गोरखचिंचेचीं प्रचंड झाडें लागतात, मग खाजणें लागतात, आणि शेवटीं समुद्र. बेटास मुख्य भूमीशीं जोडणारा पूल दोन मैलांहून थोडा अधिक लांब आहे. तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. परंतु इतका अरुंद, कीं समोरून गाडी आली म्हणजे मध्यें ठेवलेल्या रुंद जागीं थांबून तिला वाट द्यावी लागते. या थांबण्यामुळें बेट सावकाश जवळ येतें. जहाजाच्या नाळेवरून गामाच्या खलाशांस तें असेंच पाण्याला टेकलेलें दिसलें असेल.

उत्तरेचा भाग म्हणजे दगडी शहर. ज्यानें वसईचा कोट पाहिला आहे त्याला येथें पहिल्या पांच मिनिटांतच ओळखीची खूण पटते. तीच चुन्याची जाड गिलाव्याची भिंत, त्याच कमानी, तेंच देवालयाचें उंच कपाळ. फरक इतकाच कीं १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर तेथील नगर कालांतरानें ओस पडलें आणि त्याचीं छप्परें गेलीं. येथें वस्ती कधीं मोडली नाहीं. तरी येथेंहि पुष्कळ वाडे पडके आहेत, आणि पिंपळाच्या जातीच्या झाडांनीं त्यांच्या भिंतींत मुळ्या घातल्या आहेत. घरांचे माथे सपाट, कारण बेटावर गोडें पाणी नाहीं आणि पावसाचा थेंब न् थेंब धाब्यावरून टाक्यांत उतरवावा लागे. उत्तर टोंकास सांव सेबास्त्यांवचा किल्ला आहे. त्याचें काम १५५८ मध्यें सुरू झालें, आणि १६०७ व १६०८ अशा लागोपाठ दोन वर्षीं डचांनीं वेढा घालूनहि तो पडला नाहीं. त्याच्या पोटांतलें पावसाच्या पाण्याचें टाकें पाहून मला आमच्या सागरी किल्ल्यांची आठवण झाली. पाणी ज्याचें किल्ला त्याचा, हा न्याय दोन्ही किनाऱ्यांवर एकच. किल्ल्याबाहेर अगदीं समुद्राच्या जिभेवर १५२२ मधलें एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. दक्षिण गोलार्धांतील सर्वांत जुनी युरोपीय इमारत म्हणून त्याची ख्याति आहे. शहराच्या मध्यभागीं तांबड्या रंगाचा राजवाडा आहे. तो मुळांत जेझुइटांची पाठशाळा होता, त्यांस हांकलून दिल्यावर गव्हर्नरांचें निवासस्थान झाला, आणि आतां तेथें हिंदुस्थानी, चिनी व पोर्तुगीज सामानाचें संग्रहालय आहे. राजवाड्याविषयीं याहून अधिक लिहिण्याजोगें मला कांहीं आढळलें नाहीं. सर्व राजवाड्यांप्रमाणें तोहि आपल्या खुर्च्यांची फार काळजी घेतो.

आतां काव्याकडे वळूं. पहिल्या सर्गांत गामाचें आरमार या बेटापाशीं येतें. बेटावरून होडकीं निघतात. कवि त्यांचें वर्णन मोठ्या बारकाईनें करतो: तीं लांब आणि अरुंद आहेत, वेगानें येतात, आणि त्यांचीं शिडें नीट विणलेल्या ताडपानांचीं आहेत. लोकांचे रंगीत सुती कपडे, कमरेचे खंजीर, त्यांचीं कर्णे वाजवीत येणारीं होडकीं, हें सर्व डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाचें लेखन आहे. पुढें बेटाचा अधिकारी येतो, पाहुण्यांचीं शस्त्रें व धर्मग्रंथ पाहूं इच्छितो, आणि ते ख्रिस्ती आहेत असें कळतांच त्याच्या मनांत द्वेष उत्पन्न होतो. मद्यदेव बॅकस म्हाताऱ्या मुसलमानाचें रूप घेऊन त्याचे कान फुंकतो, पाणी भरावयास उतरलेल्या खलाशांवर हल्ला होतो, तोफा सुटतात, आणि शेवटीं तह म्हणून जो वाटाड्या दिला जातो तो कपटी निघतो. येथून पुढें सर्व सर्गभर बेट म्हणजे विश्वासघाताचें दुसरें नांव होऊन बसतें.

त्या अधिकाऱ्यास कवीनें नांव दिलेलें नाहीं. मोझांबीक या नांवाची व्युत्पत्ति मात्र सर्वत्र मूसा बिन बिक या अरब पुढाऱ्याच्या नांवावरून दिली जाते. काव्यांत ज्यांना बिननांवी कपटी म्हणून सोडून दिलें, त्यांच्यांतल्या एकाचें नांव आज एवढ्या मोठ्या देशाच्या निशाणाखालीं नांदतें, आणि गामाचें नांव शोधावयास पुतळ्याच्या चौथऱ्याकडे जावें लागतें. परंतु माझा मुख्य आक्षेप हा नव्हे. महाकाव्याला प्रतिनायक लागतो. होमरनें ट्रॉयवाल्यांस न्याय दिला म्हणून प्रत्येक कवीनें द्यावा, असा कायदा नाहीं. माझें लक्ष वेधलें तें याच प्रसंगांतल्या एका छोट्याशा उत्तराकडे. तुम्ही कोण, असें पोर्तुगीजांनीं विचारलें असतां होडक्यांतला माणूस सांगतो कीं आम्ही येथले नव्हेत, भूमीनें, धर्मानें व वंशानें परके आहोंत. येथले खरे लोक म्हणजे ज्यांना निसर्गानें धर्मावांचून व विवेकावांचून वाढविलें ते. एवढें बोलून तो आपल्याविषयीं सांगूं लागतो. दीड ओळींत बेटाचे मूळ रहिवासी येतात आणि जातात. काव्यांत गोरा पाहुणा बोलतो, अरब यजमान बोलतो, ऑलिंपसवरचे देव तर अखंड बोलतात. मकुवा लोक मात्र बोलत नाहींत.

हें कवीच्या काळाचें वैगुण्य म्हणून सोडून द्यावें, असें कोणी म्हणेल. मीहि वर्गांत तसें अनेकदां म्हटलेलें आहे. पण कामोंइशच्या बाबतींत हें उत्तर पुरें पडत नाहीं. ज्यानें चवथ्या सर्गांत लिस्बनच्या धक्क्यावर एक म्हातारा उभा करून या सगळ्या सफरीला लोभ आणि वेडेपणा म्हणविलें, तो कवि राजस्तुतीच्या झापडा बांधून लिहिणारा नव्हता. शिवाय या बेटाशीं त्याचा जो संबंध आला तो गामाच्या संबंधाहून फार निराळा होता.

कामोंइश १५५३ मध्यें हिंदुस्थानास निघाला. गोव्यास व पूर्वेकडे चौदा वर्षें काढून तो १५६७ मध्यें परतीच्या वाटेवर या बेटावर उतरला, आणि पैशाच्या अभावीं तेथेंच अडकला. दोन वर्षांनीं गोव्याहून स्वदेशीं जाणाऱ्या जहाजांतून इतिहासकार दियोगो दो कोउतो तेथें आला. हाच कोउतो पुढें गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख झाला. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं आपला हा जुना मित्र इतक्या दारिद्र्यांत सांपडला कीं तो स्नेह्यांच्या अन्नावर जगत होता. मित्रांनीं वर्गणी करून त्याला कपडे केले आणि जहाजावर घेतलें. या मुक्कामांत तो ‘लुझियाद’ वर अखेरचा हात फिरवीत होता, असेंहि कोउतो सांगतो. आणि ‘पार्नास’ नांवाचें त्याचें दुसरें पुस्तक मात्र चोरीस गेलें तें गेलेंच.

म्हणजे ज्या बेटाला त्यानें पहिल्या सर्गांत कपटाचें घर केलें, त्याच बेटावर तो दोन वर्षें दुसऱ्याच्या घासावर जगला, आणि त्याच दोन वर्षांत ती पानें त्याच्या हातांखालीं होतीं. लेखणी हातांत होती, बेट डोळ्यांसमोर होतें. तरी त्या दीड ओळींस त्यानें हात लावला नाहीं. चालून गेल्यास तासाभराच्या आंत एका टोंकाहून दुसऱ्या टोंकास पोंचतां येईल अशा जागेंत मकुवा माणसें रोज त्याच्या दृष्टीस पडत असलींच पाहिजेत. पाणी कोणी आणलें? मासळी कोणी आणली? गामानें बेट जहाजावरून पाहिलें तसें त्यानें लिहिलें. स्वतः जमिनीवरून पाहिलें तें लिहिलें नाहीं. मला हा या काव्यांतला सर्वांत मोठा दोष वाटतो. तो नीतीचा दोष असेल वा नसेल, कवित्वाचा निश्चित आहे. कारण उपाशी राजकवीचा तो अनुभव जर त्या सर्गांत झिरपला असता तर बेटाचा अधिकारी पुठ्ठ्याचा खलपुरुष राहिला नसता.

येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आमच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतला एक मोठा पुरुषहि या बेटाजवळून गेला, पण उतरला नाहीं. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स १५७९ मध्यें लिस्बनहून गोव्यास आले आणि पोंचतांच आपल्या वडिलांस त्यांनीं एक सुंदर पत्र पाठविलें. त्यांत ते सांगतात कीं मादागास्करच्या आंतून गेलें तर खलाशांस मोझांबीकला पंधरा दिवस वा महिनाभर विसांवा मिळतो व तेथून आणखी महिन्यानें गोवा येतो. उशीर झाला तर बाहेरची वाट घ्यावी लागते, तींत कोठेंहि बंदर लागत नाहीं आणि लोक हिरड्या सुजून आजारी पडतात. त्यांच्या जहाजास बाहेरचीच वाट धरावी लागली. स्टीफन्स येथें उतरले असते तर काय झालें असतें, हा प्रश्न निरर्थक आहे. पण परक्या किनाऱ्यावर उतरून तेथल्या लोकांच्या भाषेंत ओंवी रचणारा माणूस त्याच शतकांत त्याच समुद्रावरून गेला, एवढें तरी कामोंइशच्या काळाचें निमित्त पुढें करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

दगडी शहरांतून दक्षिणेस चालूं लागलें कीं एक चमत्कार होतो. रस्ता आहे त्याच पातळीवर राहतो, पण घरें खालीं खालीं जातात. थोड्या वेळानें आपण छप्परांच्या कडेनें चालत आहोंत असें दिसतें. अंगणें, चुली, वाळत घातलेले कपडे, खेळणारीं मुलें, सगळें पुरुषभर खालीं. हें मकुती शहर. मकुती म्हणजे माडाच्या झावळ्यांचीं विणलेलीं छप्परें. आमच्याकडे किनाऱ्यावर झापें म्हणतात तींच. बेटावरची बहुतेक वस्ती येथें आहे. ही जमीन खोल कां, असें मीं सोबतच्या तरुण वाटाड्यास विचारलें. त्यानें उत्तरेकडे बोट दाखविलें. किल्ला, देवळें, राजवाडा, वखारी यांना जो दगड लागला तो येथून काढला. खाणी झाल्या, आणि त्या खाणींच्या तळाशीं, ज्यांनीं दगड काढला त्यांनीं झोंपड्या बांधल्या. पावसाळ्यांत वरच्या शहराचें पाणी उतरून येथें साचतें. एका बाजूस थेंब न् थेंब टाक्यांत सांठविण्याची विद्या, दुसऱ्या बाजूस उंबऱ्यांत शिरणारें पाणी.

मीं पुष्कळ प्राचीन नगरें पाहिलीं आहेत, परंतु ज्याची उंची ज्याच्या खोलीवरून मोजतां येते असें दुसरें पाहिलें नाहीं. १९९१ सालीं युनेस्कोनें हें बेट जागतिक वारशांत घेतलें, तें घेतांना सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या बांधणीच्या एकरूपतेचा गौरव केला. एकरूपता आहे हें खरें. तेच हात, तोच चुना, तेंच मोजमाप. पण कड्याला आणि दरीला एकरूप म्हणावें अशांतली ती एकरूपता आहे. मार्गदर्शक पुस्तकें दगडी शहराला आठ पानें देतात आणि मकुती शहराला एक परिच्छेद. त्यांचाहि हिशेब दीड ओळींचाच. दरम्यान झापें महाग पडूं लागल्यानें छप्परांवर पत्रे येत आहेत, आणि १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे, २०२२ च्या मार्चांत गोंबे नांवाचें चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलें तेव्हां आधीं गेलीं तीं हींच छप्परें. काव्याच्या पहिल्या सर्गांतली विणलेल्या ताडपानांचीं शिडें मला येथें पुन्हा भेटलीं. एका अंगणांत दोन बाया झाप विणीत बसल्या होत्या. कवीची नजर त्या विणीवर ठरली होती, बोटांवर ठरली नाहीं.

या बेटावर दुसराहि एक मोठा कवि येऊन राहिला, आणि त्याची गोष्ट अधिक दुःखद आहे. तोमाश आंतोनियु गोंझागा हा ब्राझीलमधला न्यायाधीश, प्रेमकवि, आणि १७८९ च्या तेथल्या स्वातंत्र्याच्या कटांतला आरोपी. १७९२ मध्यें त्याला हद्दपार करून या बेटावर पाठविलें. योगायोग असा कीं ज्या ‘मारीलिया’च्या कवितांमुळें त्याचें नांव राहिलें त्यांचा पहिला भाग त्याच वर्षीं लिस्बनला प्रसिद्ध झाला. मारीलिया मागें राहिली. येथें त्यानें मास्कारेन्यश घराण्यांतील मुलीशीं लग्न केलें. या घराण्याच्या श्रीमंतीचा संबंध गुलामांच्या व्यापाराशीं होता असें त्याचे चरित्रकार सांगतात. पुढें तो जकातीचा न्यायाधीश झाला, आणि १८१० मध्यें येथेंच वारला. त्या काळीं या बंदराच्या जकातींत मोठी रकम कशावर येई हें सांगावयास नको. हस्तिदंत मागें पडला होता. फ्रेंचांच्या मस्करीन बेटांकडे आणि ब्राझीलकडे माणसें भरून जहाजें जात होतीं. स्वतःच्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं तुरुंगांत गेलेला कवि गुलामांच्या बंदराच्या कचेरींत बसला. त्या अठरा वर्षांत त्याच्या प्रतिभेनें मारीलियेच्या तोडीचें कांहीं दिलें नाहीं. मी याला शिक्षा म्हणत नाहीं. पण टीकाकारांनीं या मौनाचें कारण केवळ हवापाण्यांत शोधूं नये.

आतां आपल्याकडील हिंदी वाचक येथें म्हणेल, पोर्तुगीजांनीं आम्हांसहि छळलें, तेव्हां आम्ही मकुती शहराच्या बाजूचे. दगडी शहरांतून हिंडतांना मलाहि प्रथम असेंच वाटत होतें. परंतु तेथल्या कोरीव दारांवर हात फिरवितांना तें वाटणें टिकलें नाहीं. तीं दारें आमच्या किनाऱ्यावरच्या सुतारकामाच्या नात्यांतलीं आहेत. १६८६ मध्यें दीवच्या वाण्यांच्या मंडळीस दीव-मोझांबीक व्यापाराचा मक्ता मिळाला, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें गुजराथचें कापड हेंच या किनाऱ्यावरचें नाणें होतें. त्या कापडावर हस्तिदंत आला तसे गुलामहि आले. कांहीं दीव, दमण आणि गोव्यास आले. बेटावर आजहि हिंदु देऊळ उभें आहे, मशीद आहे, आणि दगडी शहरांत आमच्या लोकांच्या वखारी होत्या. १९६१ मध्यें गोवा मुक्त झाल्यावर मोझांबीकमधील हिंदी लोकांस अटकेंत ठेवून हांकलून देण्यांत आलें, त्यांची मालमत्ता गेली. तें दुःख खरें आहे, आणि त्यावर लिहिलें गेलें पाहिजे. परंतु खाणीच्या तळाशीं आमचीं घरें नव्हतीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

१७९४ च्या डिसेंबरांत ‘सांव झोझे’ नांवाचें पोर्तुगीज जहाज चारशेंहून अधिक बंदिवान भरून या बेटावरून ब्राझीलला निघालें. त्याच महिन्याच्या २७ तारखेस तें केपटाउनजवळ खडकावर फुटलें. दोनशेंहून अधिक माणसें बुडालीं. वांचलीं तीं थोड्याच दिवसांत केपला विकलीं गेलीं. बुडालेल्या सांगाड्याची ओळख २०१५ मध्यें जाहीर झाली. ओळख पटण्यास उपयोगी पडल्या त्या लोखंडाच्या जड लगडी. माणसांचें ओझें मालापेक्षां हलकें, म्हणून जहाज तोलून धरण्यास त्या घातल्या होत्या. बेटासमोरच्या मोसुरील येथल्या मकुवा प्रमुखांनीं एका पात्रांत आपली माती दिली, आणि ती केपटाउनला नेऊन त्या पाण्यांत सोडण्यांत आली. कामोंइशनें पांचव्या सर्गांत त्याच केपपाशीं अदामास्तोर नांवाचा प्रचंड राक्षस उभा करून त्याच्या तोंडून पोर्तुगीज जहाजांच्या भावी नाशाचें भाकित वदविलें आहे. तो भाग सर्व काव्यांत भव्य आहे असें मी अजूनहि म्हणेन. तथापि राक्षस ज्यांच्या नाशाकडे बोट दाखवितो ते सर्व सरदार आहेत.

या बेटावरच्या अर्वाचीन काव्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटलें तें रुइ क्नोफ्ली याचें ‘प्रॉस्परोचें बेट’. हा कवि मोझांबीकमध्येंच १९३२ सालीं जन्मला. पुस्तक १९७२ चें, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षें आधींचें. गतवैभवाची हुरहूर त्यांत पुष्कळ आहे, आणि ओस वाड्यांचें सौंदर्य वर्णावयास निघालेल्या कवीस जो मोह पडतो तो यालाहि पडला आहे. पण त्याचें खरें धैर्य मथळ्यांत आहे. इंग्रजीचा अध्यापक म्हणून मला तो मथळा वाचतांच थांबावें लागलें. ‘टेंपेस्ट’ नाटक वाचलेल्या कोणाहि माणसाला प्रॉस्परोचें बेट म्हटलें कीं लांकडें वाहणारा कॅलिबन आठवतो, ज्याचें तें बेट आधीं होतें. पुस्तकाला कवीनें बेटाची खाजगी वाट दाखविणारें पुस्तक असें उपनांवहि दिलें आहे. ही वाट माझी एकट्याची आहे, सर्वांची नव्हे, ही कबुली कामोंइशच्या काव्यांत नाहीं. क्नोफ्ली १९७५ मध्यें देश सोडून गेला. मथळ्यानें जें मान्य केलें तें आंतल्या कवितांना पेललें नाहीं असें माझें मत आहे; तरी मान्य तरी केलें.

मुक्कामाच्या अखेरच्या संध्याकाळीं मकुती भागांत डफांचा आवाज ऐकूं आला. तेथल्या स्त्रिया ‘तुफो’ नांवाचें गायन-नृत्य करतात. डफ अरबांकडून आलेले, भाषा मकुवा, ताल दोघांच्या मधला. तोंडाला ‘मुसिरो’ या झाडाचा पांढरा लेप लावलेल्या दहाबारा बाया एकाच रंगाचीं वस्त्रें नेसून ओळीनें बसून गात होत्या आणि नुसत्या खांद्यांनीं व हातांनीं नाचत होत्या. वाटाड्या मधूनमधून अर्थ सांगत होता: एका गाण्यांत लग्नाची थट्टा होती, एकांत बाजारभावाचें गाऱ्हाणें, एकांत गेल्या वादळांत उडालेल्या छप्पराची हकीकत, आणि ही शेवटची ऐकतांना सगळ्या जणी हंसत होत्या. बेटाचें नांव त्यांच्या तोंडीं मोझांबीक नव्हतें, ‘ओमुहिपिती’ होतें.

‘लुझियाद’चें मराठींत भाषांतर जो कोणी हातीं घेईल त्याला माझी एक विनंति आहे. अदामास्तोरवर त्यानें हव्या तितक्या टीपा द्याव्या; मिकलसारखी लढाई मात्र घुसडूं नये. पण पहिल्या सर्गांत होडक्यांतला तो माणूस येथल्या खऱ्या लोकांविषयीं दीड ओळ बोलतो, तेथें एक फूल काढून पानाच्या तळाशीं थोडी जागा ठेवावी, आणि त्या जागीं मकुती शहराच्या खाणीची खोली किती आहे तें लिहावें.